डोळे आखणाऱ्यांनी राहायचं कुठं?



सध्या आपल्या जिल्ह्यात एक नवीन टूम निघाली आहे. कलावंत म्हणे मुंबई सोडून रायगडात राहायला येतायत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, गाडीसकट माणूस अलिबागेत उतरायला लागला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, आणि मग तर विचारूच नका. आवास, किहीम, मांडवा भरले. आता नजर पेणकडं वळली आहे. पेणच्या चौकात, रोह्याच्या सभेत पांढऱ्या कपड्यातले लोक टाळ्या घेत सांगतात : कलाकार येतील, चित्रकार येतील, सिनेमावाले येतील, गावाचं सोनं होईल.

आम्ही मागच्या रांगेत उभं राहून ऐकतो. आणि एकच विचारतो. येतील ते येतील. जे इथंच आहेत त्यांचं काय?

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. या गावांत शेकडो गणपतीचे कारखाने आहेत. लाखांनी मूर्ती इथून निघतात. मुंबईला जातात, पुण्याला जातात, बोटीत बसून परदेशी जातात. त्या मूर्तीचा साचा ओतणारा, काथ्या घालणारा, घासकाम करणारी, रंग मारणारा, सगळ्यात शेवटी डोळे आखणारा, हे कोण? हे कलाकार नव्हेत काय? की कलाकार फक्त तोच, जो बंगला बांधतो, कुंपण घालतो आणि कुत्रं पाळतो?

मी रोहा तालुक्यातल्या बौद्धवाड्यातला. सीझनला दिवा-रोहा गाडी धरतो. नागोठणं, कासू, पेण, हमरापूर. उतरायचं, कारखान्यात शिरायचं, बारक्या ब्रशानं डोळे आखायचे. रात्री कविता लिहायच्या. दोन्ही कामं सारखीच, डोळा उघडायची. एकाचे पैसे मिळतात, दुसऱ्याचे मिळत नाहीत.

आता आमच्यातलेच काही जण विचारतील, तू बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा पोर. गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात शपथ झाली. आणि तू गणपतीचे डोळे रंगवतोस? होय, रंगवतो. देव मानत नाही, काम मानतो. बामणाच्या घरचा सोनार बुद्धाची मूर्ती ओतून विकतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. आम्हालाच तेवढं विचारतात. पोटाला धर्म विचारणाऱ्यांनी आधी रोजगार द्यावा, मग उलटतपासणी घ्यावी. पण हे खरं आहे की, ज्या मूर्तीला मी डोळे दिले, ती ज्या आळीत वाजतगाजत बसते, त्या आळीत मला खोली मिळत नाही.

ही गोष्ट सांगायची नव्हती. सांगतो. सीझनला रात्री उशिरापर्यंत काम चालतं, शेवटची गाडी हुकते. म्हणून पेणला एक खोली बघायला गेलो. काकू चांगल्या होत्या. पाणी दिलं. काय करता विचारलं. गणपतीचं काम करतो म्हटल्यावर तोंडभरून हसल्या. "अगं बाई, कलाकार आहात! आमच्याकडं कलाकारच हवा, शांत असतो." भाडं ठरलं. डिपॉझिट ठरलं. किल्ली हातात द्यायच्या आधी सहज म्हणून विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. किल्ली परत पदराला गेली. "यांना विचारून सांगते हं." ते "हे" अजून सांगतायत.

दुसरीकडं गेलो. तिथं आडनावाआधी गाव विचारलं, गावानंतर वाडी विचारली. वाडी सांगितल्यावर पुढचं विचारायची गरज उरली नाही. तिसऱ्या ठिकाणी एका मित्रानं सल्ला दिला, आडनाव बदलून सांग. मी म्हटलं, बाबूराव बागुलांनी १९६३ सालीच या विषयावर कथासंग्रहाला नाव दिलं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. साठ वर्षांवर होऊन गेली. अजून चोरायची? माल आमचा, चोर पण आम्हीच?

रिचर्ड फ्लोरिडा नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक आहे. २००२ साली त्यानं पुस्तक काढलं आणि 'सर्जनशील वर्ग' नावाचा शब्द जगभर विकला. त्याचं म्हणणं असं : शहराची भरभराट व्हायची तर कारखाने आणू नका, सर्जनशील माणसं आणा. ती माणसं मनाजोगं शहर निवडतात. तंत्रज्ञान, गुणवत्ता आणि सहिष्णुता असेल तिथं राहायला जातात. मग पैसा त्यांच्या मागून येतो. झालं! जगभरच्या महापौरांना मंत्र मिळाला. कॅफे काढा, भिंती रंगवा, महोत्सव भरवा. पंधरा वर्षांनी, २०१७ साली, त्याच गृहस्थानं दुसरं पुस्तक लिहून कबूल केलं की अशा शहरांत घरभाडी वाढली, विषमता वाढली, राबणारा माणूस बाहेर फेकला गेला. तिकडं चूक कबूल करून झाली. इकडं आमचे पुढारी अजून पहिलंच पुस्तक वाचतायत. म्हणजे तेही वाचत नाहीत, कुणीतरी सांगितलेलं ऐकतायत.

पण फ्लोरिडानं सहिष्णुता मोजायला काय काय धरलं? शहरात परदेशात जन्मलेले किती, समलिंगी जोडपी किती, कलावंत किती. ठीक आहे, त्यांच्या देशाचं ते मोजमाप. आपल्या देशात मोजायला एवढी यातायात नको. एक आडनाव घ्या आणि खोली भाड्यानं मागा. तासाभरात शहराची सहिष्णुता कळते.

"कलावंत कुठं राहायचं ते निवडतो" या वाक्यातला 'निवडतो' हा शब्दच ढोंगी आहे. या देशात घर निवडणारे थोडे आणि ज्यांना घर नाकारलं गेलं ते फार.

या देशातला सगळ्यात मोठा सर्जनशील माणूस आठवा. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत जात लपवून राहावं लागलं, आणि कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून त्यांना रडावं लागलं. पुढं वर्षानुवर्षं परळच्या बी.आय.टी. चाळीत खोली. दादरला 'राजगृह' उभं राहिलं ते १९३० च्या दशकात, पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्यांनी घर निवडलं नाही, बांधलं.

आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात निकाल दिला, की सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवू शकते. पारशांशी आमचं वैर नाही. पण त्या निकालाच्या सावलीत उद्या कोण कोण कुंपण घालेल, हे सांगायला वकील लागत नाही. १९१७ सालच्या लाठीचं २००५ साली उपविधी झालं, एवढाच फरक.

आता मुंबईकडं बघा. वांद्रे पूर्वेला १९६० च्या दशकात कलावंतांसाठी कलानगर आणि लेखकांसाठी साहित्य सहवास झाला. लेखक-चित्रकारांना परवडेल असं घर मिळावं म्हणून या वसाहती झाल्या. वाईट झालं नाही. मराठी लेखक तेव्हा श्रीमंत नव्हता, आजही नाही. त्या घरांत चांगलं साहित्य लिहिलं गेलं, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. त्याच काळात अण्णाभाऊ साठे कुठं राहत होते? घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत. 'फकिरा' १९५९ साली आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करून. राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, १९६१ ला रशिया पाहून झाला, तरी पत्ता चिरागनगर. शेवटी सरकारी घर मिळालं ते गोरेगावला, आणि १८ जुलै १९६९ ला माणूस गेला. नामदेव ढसाळ कुठून आला? गोलपिठ्यातून. बाबूराव बागुल? माटुंगा लेबर कॅम्पातून. हे त्यांनी निवडलं होतं काय? समीक्षक लिहितात, "त्या वस्तीनं त्यांना अनुभव दिला." च्यायला, गटारीनं अनुभव दिला म्हणून गटार तशीच ठेवायची?

वस्तीचं कौतुक करून वस्ती जागच्या जागी ठेवणं, हे प्रस्थापितांचं सगळ्यात जुनं सांस्कृतिक धोरण आहे. बाकी सगळी धोरणं नंतरची.

पहिलं लिखित सांस्कृतिक धोरण महाराष्ट्रानं २०१० साली काढलं. दुसरं मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. त्यात कारागिरी आहे, लोककला आहे, दृश्यकला आहे, भक्ती संस्कृती आहे. जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून विधानसभेत जाहीर झाला. जाहीर करणाऱ्यांना विचारावंसं वाटतं : महोत्सव राज्याचा झाला, मग मूर्ती घडवणारा हात कुणाचा? मालकाचा? ठेकेदाराचा? की बेवारशी?

पीओपीचं घ्या. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मार्गदर्शक तत्त्वं काढून पीओपीच्या मूर्ती बंद करायला सांगितल्या. पाच वर्षं कोर्टकचेरी चालली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला मुभा दिली, विसर्जनाच्या अटी वेगळ्या ठेवल्या. या पाच वर्षांत पर्यावरणवाले बोलले, मंडळवाले बोलले, मालक बोलले, पुढारी तर बोललेच. नदी-खाडी मरू नये हे आम्हालाही कळतं. कुंडलिकेच्या काठावर धाटावची एमआयडीसी बघत वाढलेल्या पोराला प्रदूषण शिकवू नका. पण काम बंद पडलं तर रोजंदारीवरची बाई काय खाईल, हे किती जणांनी विचारलं? शाडूची मूर्ती वाळायला वेळ लागतो, जपायला जागा लागते, हात जास्त लागतो. मग त्या जास्त हाताला जास्त मजुरी कोण देणार? धोरण मातीचं ठरतं. हाताचं ठरत नाही.

आमच्या कारखान्यात कातकरीवाडीतली एक ताई आहे. वीटभट्टी सोडून रंगकामाला आली. आता अशी आखणी करते की मालक मोठ्या मूर्ती तिच्याच हातात देतो. गिऱ्हाईक आलं की मालक सांगतो, "आमच्याकडचे डोळे बघा." आमच्याकडचे! ताई आतल्या बाजूला बसलेली. तिचं घर ज्या जागेवर आहे ती जागा तिच्या नावावर नाही. रायगडातल्या किती कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, हे तलाठ्याला ठाऊक आहे, तहसीलदाराला ठाऊक आहे. जमिनीचा भाव वाढला की मालकाला आठवण येते, की अरे, इथं तर माणसं राहतात. तेव्हा सांगा, बंगल्यातला चित्रकार आल्यानं जमिनीचा भाव वाढला तर ताईचं सोनं होईल की ताईचं घर जाईल?

हा प्रश्न हवेतला नाही. २०२४ साली सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यातली १२४ गावं घेऊन नवनगर जाहीर केलं. कर्नाळा-साई-चिरनेर, लोक तिसरी मुंबई म्हणतात. दुसरी मुंबई आम्ही पाहिली आहे. सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के मिळाले. ज्याचा सातबारा, त्याला साडेबारा. ज्याच्याकडं सातबाराच नाही, त्याला काय? भोपळा. पेणच्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला सेझविरुद्ध मतदान केलं. आम्हाला त्याचा अभिमान आहे. ती लढाई शेतकऱ्यांनी लढली आणि रिलायन्सला अडवलं. पण मत खातेदाराचं होतं. बांधावर उभा असलेला भूमिहीन बौद्ध आणि कातकरी त्या दिवशी घोषणा द्यायला होता, मत द्यायला नव्हता. पुढच्या लढाईत असं चालणार नाही.

हेटवणे धरण पेण तालुक्यात. पाणी नवी मुंबईला. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकर. आता तिसऱ्या मुंबईत नाट्यगृह होईल, कलादालन होईल, त्याच्या दारात कारंजं होईल. त्या कारंज्यातलं पाणी कुठलं असेल? याच कुलाबा जिल्ह्यात, आज त्याला रायगड म्हणतात, महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ उचलली. पाण्याला शिवणं हा आमचा पहिला सांस्कृतिक कार्यक्रम आहे. त्याला नाट्यगृह लागलं नव्हतं.

रोह्याचं पण बोलू. रोह्याचा अभिमान मोठा. चिंतामणराव देशमुखांची रोह्याशी नाळ. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून १९५६ साली केंद्रातलं अर्थखातं सोडलेला माणूस, वर मेघदूताचा अनुवादक. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले. मोठी माणसं, मान आहे. पण हिशेब बघा. त्यांनी रोहा सोडला तो केंब्रिजला जायला, मुंबईत पाठशाळा चालवायला. आमच्या आज्यांनी सोडला तो गिरणीत, गोदीत, बी.डी.डी. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसांबरोबर झोपायला. त्या खोलीत आंबेडकरी जलसे बसले, गाणी लिहिली गेली. त्यांची नावं कुठल्या सभागृहावर आहेत? अण्णाभाऊंसारखा एखादा अपवाद सोडला तर कुणाचं नाव पुसट पाटीवर तरी आहे?

आणि आता आपल्याच घरातली घाण. कारण दुसऱ्यावर बोट दाखवताना चार बोटं आपल्याकडं असतात. आपले काही लेखक वाड्यावर लिहून मोठे झाले, पुण्या-मुंबईला फ्लॅट घेतले, दारावर नुसतं पहिलं नाव लावलं. वाड्यातलं पोरगं कवितांची वही घेऊन गेलं की म्हणतात, "वेळ घेऊन यायचं." घर घेतलं याचा राग नाही. घ्यावंच. चार भिंती, खिडकी, टेबल हा तुमचा हक्क होता. पण आडनाव काढून घेतलेलं घर हे भाड्याचंच घर. मालकी त्यांचीच. तुम्ही फक्त चोरून राहताय.

म्हाडाच्या सोडतीत कलाकारांसाठी २ टक्के आणि अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरं राखीव असतात. आमचा माणूस ११ टक्क्यांत अर्ज भरतो, जात म्हणून. २ टक्क्यांत कलाकार म्हणून अर्ज भरलेला आमच्या वाड्यातला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. कारण कलाकार असल्याचा कागद लागतो. मूर्तीचे डोळे हा कागद नव्हे. वृद्ध कलावंतांचं मानधन २०२४ साली महिना ५,००० रुपये झालं, चांगलं झालं. पण तिथंही कात्रणं आणा, प्रमाणपत्रं आणा. ज्याच्या गाण्याला पेपरानं कधी बातमी दिली नाही त्यानं कात्रण कुठून कापायचं? जातीचा दाखला आम्हाला घरपोच मिळतो, न मागता, जन्मभर. कलेचा दाखला तेवढा मागून मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या, मोजता येतील अशा :

एक. पेण तालुक्यातल्या प्रत्येक गणपती कारखान्यात हजेरीपट लागला पाहिजे. मालकाच्या नावाबरोबर ओतकाम, रंगकाम, आखणी करणाऱ्याचं नाव सरकारदरबारी कलाकार म्हणून नोंदलं पाहिजे. किमान वेतन त्या पटावर मिळालं पाहिजे.

दोन. त्या पटाला कलाकाराचा दाखला मानून म्हाडाच्या २ टक्क्यांत आणि वृद्धांच्या मानधनात अर्ज घेतला पाहिजे. शाहीर, ढोलकीवाला, जलशातला गडी यांना गावसभेचा ठराव पुरेसा धरला पाहिजे.

तीन. नवनगरात पहिलं नाट्यगृह बांधायच्या आधी पेण, पनवेल, उरणच्या प्रत्येक कातकरीवाडीची घरठाणाची जागा तिथं राहणाऱ्या बाईच्या नावावर झाली पाहिजे. आधी घर, मग कलादालन.

चार. भूमिहीन कारागिरासाठी खाली काम आणि वर घर अशी जागा नवनगराच्या आराखड्यात पाहिजे. सातबाराची अट नको.

पाच. पेण आणि रोहा नगरपरिषदांची सभागृहं महिन्यातून दोन दिवस वाड्या-पाड्यांच्या कार्यक्रमांना बिनभाड्यानं मिळाली पाहिजेत. अर्जावर आडनावाचा रकाना नको.

सहा. जात विचारून भाड्याची खोली नाकारणं हा गुन्हा ठरवणारा स्पष्ट कायदा राज्यानं केला पाहिजे.

हे मिळालं तर या खुशाल. चित्रकार या, सिनेमावाले या, बंगला बांधा. आमचं भांडण कलावंताशी नाही. आलात तर शेजारी बसा, आखणी शिकवतो. पण कुंपण घालायच्या आधी एकदा विचारा की या जागेवर आधी कोण राहत होतं.

परवा कारखान्यात ताई म्हणाली, "दादा, आपण हजार डोळे उघडले, एकानं तरी आपल्याकडं बघितलं का रं?"

मी म्हटलं, दगड-मातीचे डोळे आहेत ताई, बघणार नाहीत. माणसाचे उघडायला लागतील.

त्या कामाला सीझन नसतो. पुढच्या रविवारी रोह्याच्या बौद्धवाड्यात बैठक आहे. पेणची पोरं येतायत, वाडीवरच्या बाया येतायत. ज्याला घर मिळालंय त्यानं यावं, ज्याला नाकारलंय त्यानं तर यावंच. आडनाव विचारणार नाही.

जय भीम!